तार पंचायतीत, पाडा डोंगरापलीकडे

डहाणू रोड स्टेशनच्या पश्चिमेला समुद्र, माडांच्या रांगा, चिकूच्या वाड्या आणि घोलवड-बोर्डीचा नांदता किनारा. पूर्वेला तोंड करून महामार्ग ओलांडला, की कासा, सायवन या बाजूला चढत जाणारे माळ, भाताच्या खाचरांच्या मधे उभी असलेली ताडाची झाडे, आणि एकेका टेपावर पाच-पंचवीस घरांचा एकेक पाडा. उत्तरेला तळासरी तालुका. त्याच्या एका अंगाला गुजरात, दुसऱ्या अंगाला दादरा-नगर हवेली. २०११ च्या शिरगणतीप्रमाणे तळासरीत दहांतली नऊ माणसे आदिवासी आहेत : वारली, कोकणा, धोडी, दुबळा, काथोडी. १ ऑगस्ट २०१४ पासून हे दोन्ही तालुके नव्या पालघर जिल्ह्यात आले. जिल्हा नवा झाला, पण पाडे जिथे होते तिथेच आहेत.

देशावरच्या वाचकांना पाडा म्हणजे काय ते थोडे सांगायला हवे. देशावर गाव म्हटले की एक पांढरी, वेस, चावडी आणि एकमेकांना चिकटलेली घरे. इथे तसे नाही. गावाचे नाव एक, ग्रामपंचायत एक, आणि पाडे दहा-बारा. एका पाड्याहून दुसऱ्यावर जायला ओहोळ उतरायचा, टेकडी चढायची. वारल्याचे घर त्याच्या शेतापाशी, म्हणून वस्ती अशी विखुरलेली. माणसाला ही रीत सोयीची आहे. पण बिनतारी लहरीला ती मुळीच सोयीची नाही. मोबाईलचा मनोरा महामार्गालगत किंवा बाजाराच्या गावी उभा राहतो, कारण गिऱ्हाईक तिथे आहे. टेकडीच्या आडोशाला असलेल्या पाड्यावर त्याची सावली पडते. मग एखाद्या ठरावीक खडकावर, एखाद्या आंब्याखाली रेंज येते आणि त्या जागेला पोस्ट ऑफिसची कळा येते. संध्याकाळी पोरे तिथे जमतात, ज्याला फोन करायचा तो तिथे चालत जातो.

कोणी म्हणेल, गाणी ऐकायला आणि चित्रे पाहायला रेंज नसली तर काय बिघडले? दहा-बारा वर्षांपूर्वी हे म्हणणे चालून गेले असते. आता जी म्हातारी जन्मात फोन हातात धरणार नाही, तिचाही भात त्या लहरीवर अवलंबून आहे.

रेशनचेच पाहा. दुकानात आता ई-पॉस यंत्र आहे. शिधापत्रिकेवरच्या माणसाने त्यावर अंगठा टेकवायचा, त्या अंगठ्याची खूण बिनतारी मार्गाने दूरच्या आधारच्या संगणकाकडे जायची, तिथून 'हाच तो माणूस' असा होकार परत यायचा, मग धान्य मोजायचे. रेंज गेली तर खूण जात नाही. रेंज असली, पण उन्हातान्हात दगड-माती उपसून, भात लावून बोटांच्या रेषा झिजल्या असल्या, तर होकार येत नाही. दोन्ही वेळी फेरी फुकट, आणि त्या दिवसाची मजुरीही बुडाली.

अंगठ्याशी या मुलखाचे नाते जुने आणि कडू आहे. सावकाराच्या कागदावर अंगठा, जमीनदाराच्या वेठीवर अंगठा. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी माणूस जन्मभर 'लगीनगडी' म्हणून राबे. १९४५ साली झरी येथे वारल्यांची परिषद भरली आणि गोदावरी परुळेकर व शामराव परुळेकर यांच्या साथीने लोकांनी ती वेठ मोडली. त्या वेळी अंगठा दिला म्हणून माणूस अडकत होता. आता यंत्राने अंगठा घेतला नाही म्हणून अडकतो. यंत्र काही सावकार नव्हे, हे मान्य. पण यंत्र चालले नाही म्हणून माणसाने उपाशी राहावे, असा कायदा कुठेही नाही. केंद्राच्या अन्न खात्याने ऑक्टोबर २०१७ मध्ये सर्व राज्यांना लेखी कळवले आहे, की आधारची जोडणी नाही, रेंज नाही किंवा अंगठा जुळला नाही, एवढ्या कारणावरून कोणाचेही धान्य नाकारू नये. दुसऱ्या मार्गाने ओळख पटवून, नोंद करून धान्य द्यावे. ही गोष्ट दुकानाच्या पाटीवर सहसा दिसत नाही, म्हणून इथे मुद्दाम लिहिली. 'रेंज नाही, उद्या या' असे कोणी म्हणाले, तर नोंदवहीत नोंद करून धान्य मागावे. तेवढ्याने भागले नाही, तर तहसील कचेरीतल्या पुरवठा शाखेत लेखी अर्ज द्यावा.

याच यंत्राची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर लिहिणे एकतर्फी होईल. पावसाळा सरला, भात झोडून झाले, की इथली निम्मी-अर्धी जवान माणसे वीटभट्टीवर, बांधकामावर, वापी-उंबरगावच्या कारखान्यांत जातात. पूर्वी माणूस परमुलखात गेला की त्याचे रेशन गावीच राही. म्हणजे बहुधा दुसऱ्याच्या घरात जाई. ९ ऑगस्ट २०१९ रोजी 'एक देश, एक शिधापत्रिका' या योजनेत परराज्यातले रेशन पहिल्यांदा सुरू झाले, ते दोन जोड्यांत : एक आंध्र-तेलंगण, आणि दुसरी महाराष्ट्र-गुजरात. तळासरीच्या माणसाला याचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको. सीमा ओलांडून कामाला गेलेला मजूर तिकडच्या दुकानात अंगठा लावून आपले धान्य उचलू शकतो. हे कागदी शिधापत्रिकेला कधी जमले नसते.

आता शेत. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. पूर्वी तलाठी सातबारावर पीक लिही. आता शेतकऱ्याने स्वतः शेतात उभे राहून मोबाईलवर पीक नोंदवायचे आणि उभ्या पिकाचा फोटो काढायचा. कल्पना चांगली आहे. तलाठ्याने कचेरीत बसून सगळ्या शिवारात भातच लिहावा, आणि आपल्या बांधावरची तूर, माळावरची नागली, वरई कागदावर दिसूच नये, हे किती वर्षे चालले होते! पण नोंद झाली नाही, तर नुकसानभरपाईच्या वेळी आणि हमीभावाने भात घालताना अडचण येते. आदिवासी विकास महामंडळाच्या केंद्रावर भात द्यायचा, तर आधी ऑनलाइन नोंदणी आणि सातबारावर पीक, दोन्ही लागते. नागली डोंगरउतारावर असते आणि रेंज खाली रस्त्यावर असते, तिथे घोडे अडते. यावर तोड एवढीच, की फोटो शेतातच काढून ठेवावा आणि रेंजच्या जागी येऊन माहिती पुढे पाठवावी. मात्र शेवटच्या तारखेची वाट पाहू नये. त्या दिवशी साऱ्या राज्याची गर्दी एकाच दारात होते. ज्यांच्याकडे तसा फोन नाही त्यांनी गावच्या नेमलेल्या सहायकाकडून नोंद करून घ्यावी, आणि नोंद झाल्याचे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे.

रोजगार हमीच्या कामावर १ जानेवारी २०२३ पासून दिवसातून दोनदा मजुरांचा फोटो काढून मोबाईलवरून हजेरी लावणे सक्तीचे झाले. माळावर बांध घालणाऱ्या टोळीला तेव्हा कळले, की घाम गाळणे पुरेसे नाही; फोटो वर चढलाही पाहिजे.

आणि अंगणवाडी. वाचक भगिनींना ठाऊक असेल-नसेल, पण 'अंगणवाडी' हा शब्द आणि ती रीत याच डहाणू तालुक्यातली. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले. पुढे अनुताई वाघ यांच्यासह ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. वारल्यांची मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसले, तेव्हा ताराबाईंनी मुलांना नावे ठेवली नाहीत. त्यांनी बालवाडीच उचलून पाड्यावर, अंगणात नेली. गुरे राखणाऱ्या पोरांसाठी कुरणात शाळा नेली, तिचे नाव कुरणशाळा. मूल शाळेकडे येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, एवढी साधी गोष्ट. २०२१ च्या मार्चपासून अंगणवाडीताईला मुलांची वजने, उंच्या, आहार 'पोषण ट्रॅकर' नावाच्या ॲपवर भरायचे काम आले. ॲप सुरुवातीला इंग्रजीत, दिलेला फोन अपुऱ्या ताकदीचा. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये राज्यातल्या हजारो अंगणवाडीताईंनी ते सरकारी फोन परत नेऊन दिले. नंतर ॲपमध्ये मराठीची सोय झाली. ज्या तालुक्याने शाळा अंगणात नेऊन दाखवली, त्याच तालुक्यातली ताई माहिती भरण्यासाठी अंगण सोडून रेंजच्या टेकडीवर जाते, हे उलटेच झाले म्हणायचे.

मग सरकारने काहीच केले नाही का? केले. ऑक्टोबर २०११ मध्ये देशातल्या सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत काचतंतूची तार नेण्याची योजना मंजूर झाली. तिचेच नाव पुढे 'भारतनेट' पडले. केसाएवढ्या काचेच्या तंतूतून उजेडाच्या रूपाने माहिती धावते, आणि एका तारेत सबंध गावाची गरज भागते. पण ही तार पोचते ग्रामपंचायतीच्या कचेरीपर्यंत. देशावर कचेरी गावाच्या मध्यावर असते, दोनशे पावलांत सगळी घरे. डहाणू-तळासरीत कचेरी एका पाड्यावर आणि उरलेले अकरा पाडे टेकड्यांपलीकडे. कालव्याचे पाणी वाटपाच्या दारापर्यंत आले, पण शेतचाऱ्याच खोदल्या नाहीत, तसा हा प्रकार. शिवाय रस्ता रुंद करताना, नळ टाकताना तार तुटते. ती जोडायला तालुक्याहून माणूस येईपर्यंत कचेरीतली पेटी मुकी राहते.

या शेतचाऱ्या कशा खोदाव्यात, याचा एक अस्सल प्रयोग आपल्याच जिल्ह्यात, पालघर तालुक्यातल्या खामलोली आणि आसपासच्या गावांत झाला. मुंबईच्या आय. आय. टी. मधील प्रा. अभय करंदीकर आणि त्यांचे सहकारी यांनी तो केला. कल्पना शेतकऱ्याला चटकन पटेल अशी आहे.

आठवते का, घरावर ॲल्युमिनियमच्या काड्यांचा अँटेना लावून आपण दूरदर्शन पाहत होतो? 'आमची माती, आमची माणसं' त्याच्यावरच येई. ज्या लहरींवरून ही चित्रे येत, त्या लहरींचा एक मोठा पट्टा सरकारने दूरचित्रवाणीसाठी राखून ठेवलेला आहे. या मंडळींनी हिशेब मांडला, की त्या पट्ट्यातल्या १५ वाहिन्यांपैकी किमान १२ वाहिन्या देशात जवळजवळ सगळीकडे मोकळ्याच आहेत. म्हणजे शंभरातली ऐंशी एकर जमीन पडीक! सातबारावर नाव दूरदर्शनचे, पण नांगर लागलेला नाही. तिथे आंतरपीक घेतले तर? दूरदर्शनच्या चित्राला धक्का न लावता मधल्या मोकळ्या लहरींवरून इंटरनेट न्यायचे, असा हा विचार.

आणि ही पडीक जमीन कसदारही आहे. लहर जेवढी लांब, तेवढी ती झाडाझुडपांतून, चढ-उतारांवरून सहज जाते. मोबाईलच्या आखूड लहरी सरळ रेषेत धावतात. मधे आंब्याचे झाड आले तरी दमतात. दूरचित्रवाणीची लहर मात्र अंगाने धिप्पाड, ती झाडी भेदून पलीकडच्या पाड्यावर उतरते. खामलोलीला मध्यवर्ती यंत्र बसवून सात गावे या लहरींनी जोडली गेली. भारतातला हा अशा तऱ्हेचा पहिला प्रयोग. वीज केव्हा जाईल याचा नेम नाही, म्हणून यंत्राला सूर्याच्या ताटल्या लावल्या. यंत्र गावात बसवताना पहिला प्रश्न लहरींचा नसतो, विजेचा असतो. शहरातल्या माणसाला हे उशिरा कळते.

या पट्ट्याचा परवाना प्रयोगापुरताच होता. म्हणून पुढच्या टप्प्यात त्यांनी विनापरवाना वापरता येणाऱ्या लहरी घेतल्या. जिथे काचतंतूची तार आली आहे त्या ग्रामपंचायतीतून, उंच खांबावरून समोरच्या गावाच्या खांबाकडे लहर सोडायची, तिथून पुढच्याकडे. दोन खांबांनी एकमेकांना पाहिले पाहिजे, एवढीच अट. या रीतीने पालघर जिल्ह्यातली पंचवीस गावे जोडण्यात आली. 'ग्राममार्ग' हे या कामाचे नाव. मार्च २०१७ मध्ये मोझिला या जगप्रसिद्ध संस्थेच्या स्पर्धेत त्याला सव्वा लाख डॉलरचे पहिले बक्षीस मिळाले.

बक्षिसापेक्षा मला त्यातला व्यवहार महत्त्वाचा वाटतो. तार सरकारची, खांब आणि जागा ग्रामपंचायतीची, आणि घरोघर जोडणी देऊन पैसे गोळा करणारा गावचाच एक होतकरू तरुण, अशी ही भागीदारी. तार तुटली, पेटी बंद पडली, तर तालुक्याकडे डोळे लावायचे नाहीत. दुरुस्ती करणारा पाड्यावरच आहे आणि दुरुस्तीत त्याचे पोट आहे. त्याच गटाने आणखी एक शहाणपणाची गोष्ट मांडली. मोबाईलची महागडी यंत्रणा धावत्या गाडीतल्या माणसालाही अखंड बोलता यावे म्हणून घडवलेली असते. आपला शेतकरी काही ताशी शंभर किलोमीटर वेगाने बांधावरून धावत नाही. मग त्या वेगाची किंमत त्याच्याकडून का घ्यावी? सावकाश फिरणाऱ्यांसाठी स्वस्त, कमी विजेवर चालणारी यंत्रणा वेगळी करावी.

यंत्र मोठे असले म्हणजे उपयोग मोठा, असे नसते. याची साक्ष कोल्हापूरकडच्या वारणानगरची आहे. १९९८ मध्ये वारणेच्या सहकारी साखर कारखान्याच्या परिसरात सत्तर गावांत संगणककेंद्रे उघडली गेली. खूप गाजावाजा झाला. काही वर्षांनी पाहणी झाली, तर शेतकरी ऊस किती गेला, खत किती उचलले, पैसे किती जमा झाले, एवढेच विचारत होते. मग सात गावांत संगणकाच्या जागी साधा मोबाईल ठेवून, एका लघुसंदेशात तेच उत्तर मिळवायचा प्रयोग झाला आणि काम अधिक स्वस्तात भागले. डहाणू-तळासरीतही आधी विचारावे, की पाड्याला नेमके काय हवे आहे.

२०२० च्या टाळेबंदीत शाळा मोबाईलवर भरू लागल्या. ज्या घरात एकच फोन, आणि तोही बापाबरोबर कामावर, तिथली पोरे काय शिकणार? तेव्हा जव्हार-मोखाड्याकडच्या दांडवळ गावात आणि शेजारच्या काही गावांत दिगंत स्वराज फाऊंडेशनने 'बोलकी शाळा' काढली. धडे आधी ध्वनिमुद्रित करायचे, आणि गावात एका जागी भोंगा लावून ऐकवायचे. मुले अंतर राखून झाडाखाली बसत. इंटरनेट नाही, फोन नाही, तरी धडा पाड्यावर पोचला. ताराबाईंना हे नक्की आवडले असते.

ही भोंग्याची युक्ती एका जिवाच्या कामासाठी वापरण्यासारखी आहे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने 'दामिनी' नावाचे ॲप काढले आहे. देशभर बसवलेली विजेचा कडाका टिपणारी यंत्रे तिला जोडलेली आहेत आणि आपल्यापासून वीस ते चाळीस किलोमीटरच्या परिसरात वीज पडण्याचा धोका असला तर ते फोनवर इशारा देते. लावणीच्या दिवसांत खाचरात वाकलेल्या बायकांच्या हाती फोन नसतो, असला तर रेंज नसते. पण रेंजच्या खडकाजवळ ज्याचे घर आहे अशा एकाने इशारा पाहावा आणि मंदिराच्या किंवा शाळेच्या भोंग्यावरून हाक द्यावी, एवढे तर गाव करू शकते. एक फोन आणि एक भोंगा, एवढ्यात साऱ्या शिवाराला वेळेवर घराकडे वळता येईल. हाक ऐकताच झाडाखालून निघावे, पाण्यातून बाहेर यावे, पक्क्या छपराखाली जावे.

धुंदलवाडी परिसराला नोव्हेंबर २०१८ पासून भूकंपाच्या धक्क्यांनी जे हैराण केले, तेही विसरता येत नाही. त्या थंडीत लोक घरे सोडून तंबूंत, अंगणात निजले. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिक संशोधन संस्थेने या भागात कंपमापक यंत्रे बसवली. जमिनीखाली काय चालले आहे हे यंत्राला कळत होते. पाड्यावर मात्र फोनवरून फिरणाऱ्या अफवा आधी पोचत. 'आज रात्री बारा वाजता मोठा धक्का' असा निरोप कोणी पाठवला, तर तो खोटाच समजावा. भूकंपाची वेळ आधी सांगणारे यंत्र जगात अजून कोठेही झालेले नाही.

घरातल्या बायांचा वेगळा विचार करायला हवा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशात शंभरातल्या ३३ स्त्रियांनीच कधी ना कधी इंटरनेट वापरले होते. पुरुषांत हा आकडा ५७. फोन घराचा म्हणतात, पण तो असतो धन्याच्या खिशात. बँकेचा संदेश, गॅसचा संदेश, पोराच्या शिष्यवृत्तीचा आकडा, सगळे तिकडेच. बचतगटाने एक फोन गटाच्या नावाने घ्यावा आणि दोन-तीन बायांनी तो चालवायला शिकावे. गटात शिकलेली पोर असतेच. तिला मावशी-आत्यांची मास्तरीण करावे.

फसवणुकीचेही सांगायला हवे. फोनवर आलेला चार-सहा आकड्यांचा अंक कोणालाही सांगू नये, अगदी 'बँकेतून बोलतो' म्हणणाऱ्यालाही. पैसे काढताना अंगठा एकदाच लावावा. 'जुळला नाही, पुन्हा लावा' म्हटले तर आधी खात्यातून रक्कम गेली का ते पाहावे आणि पावती घ्यावी. पैसे गेलेच, तर वेळ न घालवता १९३० या क्रमांकावर फोन करावा.

रेंजसाठी ग्रामसभेने काय करावे? जुलै २०२२ मध्ये केंद्राने रेंज नसलेल्या २४,६८० गावांत फोर-जी नेण्यासाठी २६,३१६ कोटी रुपये मंजूर केले. अशा यादीत गणती होते ती महसुली गावाची. गावाच्या एका कोपऱ्यात रेंज आली, की कागदोपत्री सारे गाव सुटले, आणि पाडे तसेच. म्हणून ग्रामसभेने पाडावार तक्ता करावा : कोणत्या पाड्यावर किती घरे, कोणत्या कंपनीची रेंज कुठे येते, कुठे मुळीच येत नाही, रेशन दुकानाच्या दारात येते का, अंगणवाडीत येते का. तो ठरावासह गटविकास अधिकारी आणि जिल्हाधिकारी यांच्याकडे पाठवावा. हे तालुके अनुसूचित क्षेत्रातले आहेत; इथल्या ग्रामसभेच्या शब्दाला पेसा कायद्याने वजन दिलेले आहे. पंचायतीत भारतनेटची पेटी आहे का, तिचे दिवे लागलेले आहेत का, हेही सदस्यांनी जाऊन पाहावे. दिवे लागत असतील, तर डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या पी. एम. वाणी योजनेत गावचा किराणा दुकानदारसुद्धा परवान्याच्या कटकटीशिवाय थोड्या पैशांत सार्वजनिक वायफाय देऊ शकतो.

आणि हे सारे होईपर्यंत, चिकूवर किडा पडला, भातावर करपा आला, तर कोसबाडचे कृषी विज्ञान केंद्र आहेच. तेवढी वाट चालायला सवड नसेल, तर १८००-१८०-१५५१ हा किसान कॉल सेंटरचा क्रमांक घराच्या भिंतीवर कोळशाने लिहून ठेवावा. २००४ पासून तो चालू आहे. पैसे पडत नाहीत, साधा बटणांचा फोन चालतो, आणि सकाळी सहा ते रात्री दहापर्यंत मराठीत उत्तर मिळते. फक्त खडकावर जाऊन लावावा.